नाल मारलेले जोडे

आमच्या घरात माझ्या नाचाच्या जोड्यांची जागा ठरलेली होती. उंबऱ्याबाहेर, पाण्याच्या टाकीमागे, जिथे आई फिनाईलची बाटली आणि खराटा ठेवते तिथे. बाकीच्यांच्या चपला निदान दाराशी असायच्या, माझ्या जोड्यांना तेवढाही मान नव्हता. चपला माणूस चालायला घालतो, त्यामुळे त्या बिचाऱ्या कामाच्या, असं आईचं म्हणणं. पण जोडे घालून मंचावर चढायचं आणि वर नाचायचं, याला तिच्या लेखी नावच नव्हतं. नाव नव्हतं म्हणून ती त्यांना नुसतं "ते" म्हणायची. "ते तुह्यं उचल तिथून, मले झाडू माराचा आहे."

मी उचलायचे. तोंड चालवतच उचलायचे, कारण माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो आणि आईचा नाकाच्याही पुढे चालतो. बाबा अशा वेळी पेपर उघडून तोंडापुढे धरायचे. भद्रावतीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी हे एक काम अगदी मनापासून केलं.

टॅप नाच म्हणजे काय, हे आमच्याकडे मला पानठेल्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे समजावून सांगावं लागलं आहे. जोड्याच्या तळाला, पुढे आणि टाचेला, धातूचे पत्रे ठोकलेले असतात. लाकडी फळीवर पाय आपटला, घासला, घसरवला की ताल निघतो. नाचणारा आणि वाजवणारा एकच माणूस. ऐकणारा शेवटी म्हणतो, "म्हणजे बैलाले नाल मारते, तसं!" आधी मी चिडायचे. मग माझ्या लक्षात आलं की याच्याहून सोपं मलाही सांगता येणार नाही, आणि मी मान डोलवू लागले.

हा नाद मला पुण्यात लागला. तिथे मी नोकरीला होते आणि आमच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर हा क्लास चालायचा. संध्याकाळी काम संपत आलं की डोक्यावर टकटक सुरू. एकदा माझं डोकं फिरलं आणि मी भांडायला वर गेले. दार उघडं होतं. माझ्या आईच्या वयाच्या एक बाई फळीवर उभ्या होत्या आणि त्यांचे पाय आपसात गप्पा मारावेत तसे वाजत होते. मी दारातच उभी राहिले. भांडायला गेलेली मी नाव नोंदवून खाली आले.

पुढे चंद्रपूरला नोकरी मिळाली आणि मी घरी परतले ती हे जोडे बगलेत मारूनच. नाचायला सोबत कोण, हा प्रश्न होता. तो सोडवला मामाने. माझा मामा झाडीपट्टीच्या नाटकांत आयुष्यभर पायपेटी वाजवत आला. पायपेटी म्हणजे हातपेटीची मोठी बहीण. दोन्ही पायांनी खालचा भाता मारायचा, तेव्हा वर हातांना सूर सापडतात. नाटकांत बिजलीवरचे कीबोर्ड आले आणि मामाची पेटी घरी बसली. मामाही बसला. मी त्याच्या पडवीतल्या सागवानी पाटावर चार पावलं वाजवून दाखवली, तर तो खाटेवरून उठला आणि पेटीवरचं फडकं काढायला लागला. "थांब पोरी," तो म्हणाला, "तुहे पाय काहीतरी सांगून राह्यले. मले ऐकू दे."

बाकीचे दोघे असेच येऊन मिळाले. एक माजरीच्या कोळसा खाणीत डंपर चालवतो. दरवाजातून आत येताना वाकावं लागेल एवढा माणूस, पण पाय चिमणीचे. त्याने राजुऱ्याच्या बैलबाजारातल्या नालवाल्याकडून आपल्या जुन्या बुटांना पत्रे मारून घेतले. नालवाल्याने त्याला म्हणे उभं राहू दिलं नाही. खाली पाडून, सवयीने दोन्ही पाय दोरीने बांधले आणि मगच हातोडी घेतली. ही हकीकत डंपरवाला स्वतःच सांगतो, त्यामुळे अर्धी खरी समजावी.

दुसऱ्या आमच्या बाई. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावात राहणाऱ्या, निवृत्त शिक्षिका, गोंड समाजाच्या. गोष्ट सांगावी तर बाईंनी. मराठीत सांगता सांगता त्या मध्येच गोंडीत शिरतात, आणि ज्याला गोंडी येत नाही त्यालाही तेवढं कळतं. आमचा मुख्य खेळ बाईंच्याच गोष्टीवर उभा होता. एक सुतारपक्षी घर शोधत जंगलातल्या एकेका झाडाचं दार ठोठावतो. साग, ऐन, मोह, तेंदू. प्रत्येक झाड वेगळं उत्तर देतं. पक्षी म्हणजे मी. मोहाखाली झिंगून पडलेलं अस्वल म्हणजे डंपरवाला. झाडांचे आवाज मामाच्या पेटीतून यायचे. आणि गोष्ट बाईंची, त्यामुळे ती दर वेळी थोडी बदलायची आणि आम्हाला पायांनी मागे धावावं लागायचं.

शाळांत, सभागृहांत, कॉलनीच्या गणपतीत आम्ही हा खेळ केला. लोक हसले, शिट्ट्या मारल्या, परत बोलावलं. बाबा दोनदा येऊन गेले. आई एकदाही आली नाही.

तिचं कारण मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मला नीट भांडताही येत नव्हतं. आईचं माहेर वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीकडे. तिचे वडील दंडारीत मृदंग वाजवायचे. दंडार म्हणजे दिवाळीनंतर, मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवशी, भर उजेडात गावात होणारा नाच, गाणी आणि सोंगं. त्यासाठी मातीचा मंच भरतात. लग्न होईपर्यंत दर मंडईला तो मंच सारवण्याचं काम आईचं होतं. शेणाचा हात फिरवायचा, रांगोळी घालायची, आणि मग त्यावर कुणाची चप्पल दिसली तर त्या माणसाला गावाबाहेर काढायचं एवढंच बाकी ठेवायचं. लहानपणी ती स्वतः एकदा चपलेसकट मंचाच्या काठावर चढली, तर आजोबांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मार खाल्ला असता तर विसरले असते, असं ती म्हणते. अशा बाईची मुलगी जोडे घालून नाचते. तिने माझा सराव कधी ऐकला नाही, कारण सराव मी सुट्टीच्या दिवशी मामाच्या पडवीतच करायचे. घरात तशी सोयच नव्हती.

मला मात्र तिने एकदा तरी बघावं असं फार वाटायचं. दुसऱ्या कुणाच्या शिट्टीने ती जागा भरत नव्हती. पुण्याच्या बाई कौतुकाने बोलल्या तेव्हाही माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की आई असती तर काय म्हणाली असती. बहुतेक "ते काढ आंधी पायातलं" असंच म्हणाली असती.

आणि अशात मामाच्या गावाने आम्हाला मंडईला बोलावलं. दुपारी दंडार, तिच्या आधी आमचा खेळ. मामाने मला न विचारता हो म्हटलं, नारळ घेतला आणि मग फोन केला. आई दर वर्षी भाऊबीज करून मंडईपर्यंत माहेरी राहतेच. मी घाबरत घाबरत तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"बापाच्या मंचावर?"

"हो."

"ते घालून?"

"त्याच्याशिवाय वाजत नाही, आई."

"मी बसीन समोर. सगळं गाव बसते, मी काऊन नाई बसू? पण तू ते घालून मंचावर चढली तं मी उठून जाईन. सगळ्याइच्या समोर उठून जाईन, मंग नको म्हणजो."

आईने उठून जाणार म्हटलं की ती उठून जाते. लग्नाच्या पंगतींतूनही गेलेली आहे.

मंडईच्या दिवशी सकाळी आम्ही टेम्पोतून फळ्या घेऊन पोचलो. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, शेताच्या बांध्यांमध्ये पेंढ्या पडल्या होत्या, आणि गावाच्या रस्त्यावर जिलेबीच्या कढया लागल्या होत्या. शिंगाड्यांचे ढीग, फुगे, बांगड्या, आणि प्रत्येक दुकानाचा वेगळा भोंगा. डंपरवाला टेम्पोतून उतरला आणि जोडे पायात असतानाच थेट आलूबोंड्याच्या गाडीकडे गेला. टक, टक, टक. अर्ध्या गावाने वळून पाहिलं. बाईंनी उतरून भेटेल त्याला "सेवा जोहार" केला आणि पाचव्या मिनिटाला त्या कुणाच्या तरी अंगणात चहा पीत होत्या.

त्या गावची एक रीत आहे. मंडईच्या सकाळी सगळी वाद्यं मंचावर मांडतात, आणि ज्या घरचं वाद्य त्या घरची माहेरवाशीण त्याला हळद-कुंकू लावते. ती पूजा झाल्याशिवाय कुणी मृदंगाला बोट लावत नाही. मामाच्या पेटीचा मान आईचा. मृदंग, झांजा, डफ, पेटी ओळीने मांडली गेली. आम्ही आमच्या फळ्या मंचावर लाकडी ठोकळ्यांवर अंथरल्या आणि मी जोड्यांची पिशवी पाठीमागे धरून उभी राहिले.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे भाऊ. त्यांनी विचारलं, "पोरी, तुमचा नाच तं आयकला मी. जोडे घालून करता म्हणते. खरं आहे का?"

"खरं आहे भाऊ."

"मंग खाली करा ना. मंचाखाली. फळ्या खाली टाका. इथी जोडे नाई चालत, मायबाप."

ते अगदी मऊपणाने म्हणाले, त्यामुळे मला चिडताही येईना. खाली फळ्या टाकल्या तर मागच्या लोकांना आमचे पाय दिसणार नव्हते, आणि पायच दिसले नाहीत तर आमच्या नाचात उरतं काय? मी काही बोलायच्या आत मामा पुढे आला.

"भाऊ, माही पेटी कायनं वाजते?"

"हातानं."

"हातानं नुसता सूर निवडतो मी. वाजते पायानं. पाय मारला नाई तं ती लाकडाची पेटी आहे, कपडे ठेवा तिच्यात. आता सांगा, मी इतके वर्ष पायानं हाणतो तिले, आन् माही बहीण दर साली येऊन तिले कुंकू लावते. पाय लागला म्हणून पेटी बाटली का?"

अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. "पेटी वाजंत्र आहे गा."

"हेबी वाजंत्रच आहे. पायात असते म्हणून तुमाले जोडा दिसते." मामाने माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली, जोडे काढले आणि पेटीच्या शेजारी, मृदंगाच्या ओळीत मांडून टाकले. तळ वर करून, पत्रे दिसतील असे.

सगळं मंडळ त्या जोड्यांकडे बघत राहिलं. अध्यक्षांनी वाकून पत्रे निरखले आणि म्हणाले, "वाजंत्र असन तं पूजा होईन. पण ज्याइच्या घरचं वाजंत्र, त्याइनं करावं. आमी कोण सांगणारे?"

म्हणजे आई. सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. ती हातात ताट घेऊन मंचाच्या पायरीशी उभी होती. मला मामाचा असा राग आला की काय सांगू. आईला चार माणसांत अडवून तिच्याकडून काही करून घ्यायचं, हे मला नको होतं. तिने माझ्यासाठी काही करावं तर मनाने करावं, नाहीतर करू नये. मी म्हणाले, "आई, राहू दे. आम्ही खाली करतो."

"तू चूप." आई वर आली. पेटीला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं, नमस्कार केला. मग ताट घेऊन जोड्यांपुढे थांबली.

"हे घालून रस्त्यानं चालते तू?"

"नाही. कधीच नाही. पत्रे खराब होतात. फळीवरच घालते, फळीवरच काढते."

"बजारात?"

"नाही."

"संडासले?"

"आई!"

गाव हसलं. आई हसली नाही. ती खरोखर चौकशी करत होती. मृदंग कुणी संडासात नेत नाही, तेव्हा तिला हे कळणं भाग होतं. तिने वाकून जोडा उचलला, तळ निरखला, अंगठ्याने पत्रा घासून बघितला. इतक्या दिवसांत तिने त्यांना हात लावलेला मी पहिल्यांदा पाहिला. मग तिने जोडा होता तसा ठेवला, एका पत्र्यावर हळदीचं बोट टेकवलं, त्यावर कुंकू. मग दुसऱ्या जोड्यावर. माझ्याकडे न बघता.

डंपरवाल्याला चेव आला. त्याने लगेच मंचाखालूनच आपले बूट काढून ओळीत सरकवले. आईने ताट मागे घेतलं.

"तू आत्ताच आलूबोंडा खाऊन आला ना हे घालून? धुऊन आण आंधी. रगडून धुजो."

खाणीत राक्षसाएवढा डंपर फिरवणारा माणूस मान खाली घालून विहिरीकडे गेला. त्याचे बूट धुऊन आल्यावर त्यांनाही कुंकू मिळालं, पण जरा कमी.

खाली उतरताना मी आईला विचारलं, "बसशील ना समोर?"

"पूजा केली म्हणजे बसून राहीन असं नाई. पाहीन. नाई पटलं तं उठीन." असं म्हणून ती निघून गेली.

मामाकडे जेवलो. लाखोळीची डाळ, भात, वांग्याची भाजी, आणि मामीचा आग्रह. आई जेवायला नव्हती. शेजारी गेली असेल म्हणून मी विचारलं नाही. खेळाची वेळ झाली तेव्हा आम्ही मंचाकडे गेलो, आणि मी आधी फळ्यांकडे बघितलं.

फळ्या सारवलेल्या होत्या. एकूण एक. छान जाड हात दिलेला, बोटांच्या अर्धगोल रेषा एकीत एक गुंफलेल्या, चहूबाजूंनी रांगोळीची किनार. आणि मंचाच्या पायरीशी माझी आई कोपरापर्यंत शेणाने माखलेले हात घेऊन उभी. साडीचा काठ कमरेला खोचलेला, कपाळावर घाम. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी फार दिवसांनी बघितला.

"बिना सारवल्या मंचावर कोणी नाचते का?" ती म्हणाली. "अशाच टाकून गेली होती फळ्या. मले तं लाज वाटली."

तिला काय माहीत? आवाज घुंगरासारखा त्या पत्र्यांतच असतो, असं तिला वाटत होतं. लाकूड बोलतं हे ऐकायला तिने आम्हाला कधी ऐकलंच नव्हतं. ओल्या शेणावर टॅप म्हणजे चिखलात नाणं टाकून खणखणाट ऐकण्यातला प्रकार.

डंपरवाला माझ्या कानाशी वाकला. "ताई, आता?"

"चूप," मी म्हणाले. "एक शब्द बोललास तर तुझे बूट विहिरीत टाकीन."

आयुष्यात फार कमी वेळा मी तोंड बंद ठेवलं आहे. पण तिने बापाच्या मंचावर, लग्नानंतर पहिल्यांदाच, हात फिरवला होता आणि तो माझ्या नाचासाठी फिरवला होता. ते खरवडून काढा असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते? मी जोडे घातले. आईने समोरची जागा धरली. तिने मांडी घातली नाही, एक गुडघा उभा ठेवून बसली, उठायला सोपं जावं म्हणून.

बाईंनी सुरुवात केली. जंगल आलं, पहाट आली, पक्षी आला. "आन् त्या पाखरानं सागाच्या दारावर ठोठावलं..." मामाने सूर धरला, मी पाय मारला.

थप.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. पुन्हा म्हणाल्या, "ठोठावलं..."

थप. थप.

मागून कुणीतरी म्हातारी काळजीने म्हणाली, "पाखरू बिमार आहे का वो?"

हशा पिकला. मी जोर वाढवला. आवाज नाहीच आला, शेणाचा एक गोळा मात्र उडाला आणि अध्यक्षांच्या पांढऱ्या धोतरावर बसला. डंपरवाला अस्वल होऊन आला तो घसरतच आला, पार दुसऱ्या टोकाला गेला, आणि मृदंगाला धरून थांबला. लोक पोट धरून हसत होते. त्यांना वाटलं, खेळच असा आहे. मामा घामाघूम होऊन पाय मारत होता, पेटीचा आवाज वाढवून आमची लाज झाकत होता.

आणि आई उठली.

हसणाऱ्या गर्दीतून ती वाट काढत निघाली, पाठ फिरवून, भराभर. मी नाचत राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते मला पुसताही येत नव्हतं, कारण पक्ष्याला हात नसतात, पंख असतात. मनात एकच होतं. तिला वाटलं असेल, एवढ्यासाठी मी जोड्यांना कुंकू लावलं? एवढ्याशा थपथपीसाठी? तिने बघितलं, पण जे बघायला हवं होतं ते तिला दिसलंच नाही. आता ती परत कधी येणार नाही.

"थांब जराशी!"

आई मंचावर चढत होती. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात खराटा. "फळी वाजते काय वो हे? लोखंड नाई वाजत, फळी वाजते?"

"हो आई."

"मंग सांगाचं नाई का? तोंडात काय बोर धरलं होतं? घरी तं ऐकून घेत नाई कोणाचं!" आणि तिने बादली उपडी केली. तिचीच ती रांगोळी, तिचेच ते अर्धगोल, तिने खराट्याने खसाखसा घासून काढले. समोरून आणखी दोन-तीन माहेरवाशिणी पदर खोचून उठल्या. कुणी पाणी आणलं, कुणी तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, बोळे करून फळ्या कोरड्या केल्या.

बाई कशाला थांबतात? त्यांची गोष्ट सुरूच होती. "मंग जंगलातल्या सगळ्या मायबहिणी जमल्या. म्हणे, ह्या झाडाची साल लय जाड झाली. पाखराचं ऐकू येत नाई त्याले. आपण साल सोलू." मामाने घासण्याच्या लयीवर सूर धरले. अस्वलाने बादली वाहिली. गावाने टाळ्यांचा ठेका धरला, आणि खराटा त्या ठेक्यावर चालू लागला.

शेवटची फळी पुसून झाल्यावर आई गुडघ्यांवर बसली. बोटांच्या पेरांनी तिने फळीवर मारलं. टक. कान जवळ नेला, पुन्हा मारलं. टक, टक. तिचा चेहरा बदलला. आजोबा मृदंगावर थाप मारण्याआधी असंच कान लावून बघायचे, असं मामा मला मागाहून म्हणाला.

"हं," ती म्हणाली. "आता वाजव."

मी वाजवलं. त्या दिवशी सागाने दार उघडलं, ऐनाने उघडलं, मोहाने तर दोनदा उघडलं. जुन्या सागवानी फळ्या, त्यांच्याखाली पोकळी, आणि वर मोकळं आभाळ. असा आवाज मला कुठल्याच सभागृहात मिळाला नव्हता. डंपरवाल्याचं अस्वल झिंगून नाचलं तेव्हा लहान पोरं खाली त्याच्यासारखी लोळली. दंडारीचे मृदंगवाले राहवेना म्हणून वर आले आणि आमच्या पायांशी सवाल-जवाब करायला लागले. ते विचारायचे, आम्ही पायांनी सांगायचो. मी हसत होते, रडत होते, आणि पाय आपले काम करत होते. इतकी सुखी मी क्वचितच झाले असेन.

आई आता मांडी घालून बसली होती. दोन्ही गुडघे खाली.

खेळानंतर मी पायरीशी जोडे काढले आणि अनवाणी गर्दीत गेले. जिलेबी झाली, शिंगाडे झाले, अध्यक्षांच्या धोतराची माफी मागून झाली. ते म्हणाले, "धोतर धुता येते, पोरी. हसू कुठी मिळते?" परत आले तर जोडे नाहीत. मंचाखाली बघितलं, टेम्पोत बघितलं, डंपरवाल्यावर ओरडले. तो शपथा घेऊ लागला. शेवटी आई दूरवरून ओरडली, "चाल लवकर, बस जाईन!" आणि मला धावावंच लागलं. जोड्यांचं तिला काय सांगणार, म्हणून मी गप्प बसले.

चंद्रपूरला जाणारी बस मंडईच्या माणसांनी भरलेली होती. फुगे, पिशव्या, झोपलेली मुलं. आम्हाला कशीबशी जागा मिळाली. आईच्या मांडीवर एक गाठोडं होतं. मामाने भाऊबिजेला दिलेल्या नव्या लुगड्यात काहीतरी बांधलेलं. ते तिने दोन्ही हातांनी धरलं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

शेजारी उभ्या असलेल्या एका बाईला आपली पिशवी टेकवायची होती. ती म्हणाली, "बाई, ते गाठोडं खाली ठेवा ना जराशी."

तेवढ्यात बस खड्ड्यातून गेली, लुगड्याची घडी सरकली आणि माझ्या जोड्याचं टोक बाहेर आलं. पत्र्यावरचं कुंकू पुसट झालं होतं, पण होतं.

"आंगो माय, जोडेच तं आहेत," ती बाई म्हणाली. "मांडीवर काऊन घेऊन बसल्या? ठेवा ना खाली."

आईने घडी पुन्हा नीट केली आणि गाठोडं पोटाशी घेतलं.

"जोडे नाईत बाई ते," ती म्हणाली. "वाजंत्र आहे. माह्या पोरीचं."